खरवडून टाकलेला थर

अण्णा, मातीचा नमुना घेताना वरचा थर खरवडायचा की नाही, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांनी लेक विचारतेय काय, तर हे. घरचं, मुलाबाळांचं, आईच्या शेवटच्या दिवसांचं काही नाही. पण घरचं विचारलेलं तुम्हाला कधी आवडलंही नाही. मातीचं विचारलं की ताटावरून अर्धं उठून सांगायला लागायचात. म्हणून मातीचंच विचारते. आज रविवार आहे, दुपारची जेवणं झाली आहेत, आणि हर्सूलच्या त्याच घरात, ज्याला आता मागं दोन खोल्या निघाल्यात, मी वही उघडून बसलेय. तुम्ही गेलात तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं. प्रयोगशाळेची इमारतही वेगळी होती. नमुन्याची पिशवी कापडाची होती ती प्लास्टिकची झाली आणि आता परत कापडाची झाली. पद्धत मात्र तीच आहे, तुमची.

तुमच्या नोकरीला कागदावर काहीही म्हणत असोत, तुम्ही गावोगाव हिंडून माती गोळा करणारा माणूस होतात. सायकलच्या हँडलला दोन झोळ्या, मागं कॅरिअरला खुरपं आणि घमेलं बांधलेलं. गंगापूरकडची काळीभोर जमीन आणि खुलताबादकडची उथळ, मुरमाड जमीन तुम्ही डोळे मिटून, नुसती बोटांत चोळून ओळखायचात. शेतकऱ्यानं कपबशी पुढं केली की म्हणायचात, "आधी माती, मग चहा. चहा पिऊन घेतलेला नमुना गोड येतो." मी आजही शिवारात हेच वाक्य फेकते. लोक हसतात, आणि ते तुमचं आहे हे मी कुणाला सांगत नाही.

पावसाळ्यात प्रयोगशाळेची मागची पडवी गळायची, म्हणून तुम्ही नमुने घरी आणायचात. घर म्हणजे एकच खोली. माती उन्हात वाळवायची नाही, सावलीतच वाळली पाहिजे, असा तुमचा दंडक. आई स्टोव्हजवळ भाकरी थापतेय आणि तिच्या परातीपासून हातभर अंतरावर जुन्या वर्तमानपत्रांवर आठ-दहा गावांची माती पसरलेली आहे. "एका हाताला माझं पीठ, एका हाताला ह्यांची माती. उद्या भाकरीत कचकच लागली तर मला नका बोलू," आई म्हणतेय, आणि तुम्हाला ऐकूच येत नाही. तुम्ही माती गोल पसरता, बोटानं तिचे चार भाग पाडता, समोरासमोरचे दोन काढून टाकता, उरलेली मिसळता, परत गोल, परत चार भाग. शेवटी एवढ्या मोठ्या वावरातली अर्धा किलो माती उरते आणि तीच आता त्या वावराच्या वतीनं बोलणार असते. मला तेव्हा ती जादू वाटायची. आता ती नोकरी झाली आहे, तरी अधूनमधून जादू वाटते.

मी अकरा-बारा वर्षांची असताना तलावाकडच्या एका मळ्यातून तुमच्यासाठी माती घेऊन आले होते. मोठ्या हौसेनं, फ्रॉकच्या ओच्यात. तुम्ही ती बघितली आणि दारातच सगळी झटकून टाकलीत. "वरलं घेऊन आलीस. ह्यात पाला हाय, शेण हाय, कुणी थुकलेलं हाय. मातीला काय इचारायचं आसंल तर आधी तिचं तोंड पूस, मग इचार." मी रडले. तुम्ही माझी समजूत वगैरे काढली नाहीत, तसलं तुम्हाला जमायचंच नाही. हाताला धरून मळ्यात घेऊन गेलात आणि शिकवलंत. आधी खुरप्यानं वरचं खरवडून बाजूला सारायचं. मग पाचरीसारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा. आतली माती काढून टाकायची आणि खड्ड्याच्या भिंतीवरून वरून खालपर्यंत दोन बोटं जाडीची चकती उतरवायची. असं नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी. बांधाजवळ नाही, झाडाखाली नाही, उकिरड्याच्या आसपास नाही. त्या संध्याकाळी मी उकिरडा, बांध, झाड असं घोकत झोपले.

आता ज्या वावरासाठी हे लिहितेय त्याचं सांगते. खुलताबादच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. तिथल्या टेकडीला काही वर्षांपूर्वी खदान लागली. सुरुंग लावून दगड काढतात आणि शेजारच्या क्रशरमध्ये त्याची खडी करतात. तिथून हाकेच्या अंतरावर एका मावशींचं दोन एकर वावर आहे. मेंढरांमागं हिंडणारं घर. सासऱ्यानं ही जमीन घेतली तेव्हापासून एका जागी थांबलं. मावशी साठी ओलांडलेल्या, काटक, आणि मेंढरं आता दहा-बाराच उरलेली. त्यांचं म्हणणं असं की क्रशर आल्यापासून वावर बिघडलं. तुरीचा फुलोरा गळतो, पाणी मुरत नाही, बी रुजतं पण कोंब वरची माती फोडून बाहेर येत नाही. त्यांनी तहसीलला अर्ज दिला, तिथून कागद आमच्याकडं आला, आणि संक्रांत झाल्यावर, तूर निघाल्यावर मी नमुना घ्यायला गेले.

सगळं तुमच्या पद्धतीनं केलं, अण्णा. नागमोडी चालत नऊ जागा धरल्या. प्रत्येक जागी आधी खरवडलं, मग खड्डा, मग चकती. चहा नंतर. माती सावलीत वाळवली, कुटली, चाळली, तपासली. सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं त्या पट्ट्यातल्या जमिनीचं असतं तसंच निघालं. शेऱ्यात लिहिलं, जमीन सर्वसाधारण. खाली सही माझी. तहसीलमध्ये तो अहवाल वाचून दाखवला गेला. प्रयोगशाळाच म्हणतेय जमीन चांगली आहे, तर तक्रार कशाची? पुढच्या तारखेला प्रकरण बंद करू, असं ठरलं.

त्यानंतर चार दिवसांनी मावशी प्रयोगशाळेत आल्या. मला वाटलं भांडायला आल्यात. मी मनातल्या मनात पदर खोचलाच होता. त्यांनी पिशवीतून अहवाल काढला, टेबलावर ठेवला, हातानं त्याच्या घड्या सपाट केल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, तुम्ही लिवलं ते खोटं नसंल. पर ह्यात माझं वावर कुठंय?" मी त्यांना सामू म्हणजे मातीची आम्लता कशी मोजतात ते समजावायला लागले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते समदं ठीक हाय. पाणी का मुरत नाय, ते कोणत्या रकान्यात हाय?"

मी रकाने बघत राहिले. तुम्ही हसाल, पण खरंच वरपासून खालपर्यंत परत वाचले. पाण्याचा रकानाच नाही. मातीत काय आहे ते आम्ही सांगतो. माती काय करते, ते आम्हाला कुणी विचारतच नाही. मावशींना वाईट वाटत होतं आणि मला मात्र लहानपणी परातीशेजारी बसून तुमच्याकडं बघताना वाटायचं तसं वाटायला लागलं होतं. हे असं का होत असेल? मी म्हटलं, "मावशी, मी परत येते. कागदाचं नंतर बघू, आधी वावर बघू." त्यावर त्या म्हणाल्या, "या की. वावर कुठं पळून चाललंय?"

होळीच्या आधी गेले. वावर अजून नांगरलेलं नव्हतं. धुऱ्यावरून उतरले आणि बघते तर रानात नागमोडी ओळीनं नऊ खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी राखाडी पापुद्र्यांची एकेक लहानशी ढिगली. क्षणभर मला कळेचना. मी विचारलं, "मावशी, हे कुणी केलंय?" त्या माझ्याकडं बघून हसायलाच लागल्या. "कुणी म्हंजी? तुम्हीच की! खांदायच्या आधी वरलं खरडून बाजूला सारलं. मला वाटलं, म्याडमला ठावं आसंल, नासकं हाय म्हणून टाकलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"शिकल्याली माणसं काम करत्यात, तवा मधी कसं बोलावं?"

अण्णा, ज्या थरासाठी या बाईनं अर्ज केला, तहसीलचे हेलपाटे घातले, तोच थर मी नऊ ठिकाणी काळजीपूर्वक काढून टाकला होता आणि त्याच्याखालची निरोगी माती प्रयोगशाळेत नेऊन ती निरोगी आहे असं सहीनिशी लिहिलं होतं. लाज वाटली. खूप वाटली. उन्हात उभी होते, पण कानांच्या पाळ्या गरम झाल्या त्या उन्हानं नव्हे.

मग मी खाली बसले आणि त्यातली एक ढिगली पुढ्यात ओढली. पापुद्रा बोटभर जाड. वरून गुळगुळीत, सिमेंटच्या कोब्यासारखा, आणि खालच्या अंगाला काळी माती चिकटलेली. पावसानं आणि दवानं भिजून, उन्हानं वाळून क्रशरच्या भुकटीचं हे कवच झालेलं. झोळीतली आम्लाची बाटली काढली. खालच्या काळ्या मातीवर थेंब टाकला तर ती फसफसली, आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनी फसफसतात तशी. पापुद्र्याच्या वरच्या अंगावर टाकला तर थेंब नुसता पसरला आणि बसून राहिला. मी परत टाकला, दुसऱ्या ढिगलीवर टाकला, तिसऱ्या. तेच. म्हणजे वरच्या कवचात त्या वावरातली चुनखडी नव्हतीच, ते वरून पडलेलं होतं. मावशी शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या. "खालची बोलती, वरची मुकी हाय व्हय?" त्यांनी विचारलं. मी व्हय म्हटलं.

पाण्याचंही बघितलं. ऑइलचा एक रिकामा डबा मी दोन्ही बाजूंनी कापून नेला होता. तो हलक्या हातानं मातीत दाबायचा, आत तांब्याभर पाणी ओतायचं आणि घड्याळ बघत बसायचं. आधी ओढ्यापलीकडं त्यांच्या दिराच्या रानात केलं. टेकडीच्या आडोशामुळं तिथं धूळ पोचत नाही, बाकी जमीन तीच. मावशींनी त्यांच्या काळ्या मेंढीची गोष्ट सांगायला घेतली आणि ती संपायच्या आत पाणी गडप. मग त्यांच्या वावरात, एका न खरवडलेल्या जागी, तसाच डबा, तसाच तांब्या. मेंढीची गोष्ट संपली, तिच्या आईची झाली, दोघींनी शेंगा फोडून खाल्ल्या, पाणी आपलं जागेवर. एक चिमणी येऊन डब्याच्या कडेवर बसली आणि पिऊन गेली. मला हसू आलं आणि मावशींना नाही आलं, म्हणून मी परत घड्याळात बघितलं.

मग त्यांनी एका मेंढीला गुडघ्यात धरून तिचा ओठ वर केला. "दात बघा. वय किती आसंल?" मला काय कळतंय? "तीन वर्साची हाय. दात म्हातारीचे. बाजारात गेले तर म्हणत्यात, म्हातारी मेंढी तरणी म्हणून खपवायला आली." चाऱ्यावर बसलेली भुकटी चावून दात झिजतात असं त्यांचं म्हणणं. मी ते वहीत लिहून घेतलं. पटण्यासारखं आहे, पण मला ठाऊक नाही. तुम्ही आयुष्यभर एवढ्या वावरांत फिरलात, कधी मेंढरांचे दात बघितले होते का?

आम्ही डबा घेऊन बसलोय म्हटल्यावर क्रशरवरचा मुकादम खाली आला. चांगला बोलका माणूस, तोही गावाकडचाच. म्हणाला, "म्याडम, दगडाचीच माती व्हती ना? शाळंत शिकवलंय. मंग दगडाचं पीठ पडलं तर बिघडलं कुठं? आमी तर फुकट खत देतोय." त्याचा प्रश्न मला आवडला, आणि आवडला याचा रागही आला. कारण अर्धं खरं आहे. आपली काळी माती याच काळ्या दगडाची लेक. कुठं कुठं दगडाची भुकटी मुद्दाम शेतात घालतात, असं मीही वाचलंय. मग इथं काय झालं? परतताना सगळा रस्ता मी तोच विचार करत होते. दगड आपसूक विरघळून माती होतो तेव्हा त्यात किती पावसाळे, किती मुळं, किती गांडुळं आणि या मावशींच्या सासऱ्याच्या मेंढरांच्या किती लेंड्या मिसळलेल्या असतात. तिचे कण एकमेकांना धरून बसतात आणि मधे वाट ठेवतात, हवेला, पाण्याला, मुळाला. ही भुकटी नुसतीच बारीक आहे. चाळणी दमट असली की पीठ भोकांत बसतं आणि मग कितीही हलवा, काही खाली पडत नाही, तसं इथं झालंय. आई असती तर तिनं मला आधीच सांगितलं असतं. आणि मग पुढचा प्रश्न: उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतील तेव्हा ही भुकटी किती खोल उतरेल? ते मला माहीत नाही. मृगाच्या आधी परत जाऊन बघायचंय, कचेरीचं काम असो वा नसो.

या वेळी मी नमुने थराथरानं आणले. वरचं बोटभर वेगळं, त्याखालची वीत वेगळी. नऊच्या नऊ ढिगल्याही आणल्या. साहेबांना दाखवलं. ते माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत, पण माणूस सरळ. म्हणाले, "ताई, फॉर्ममध्ये थराचा रकाना नाही. पद्धत मोडून घेतलेला नमुना समोरचा वकील एका मिनिटात उडवेल." मग म्हणाले, "लिहा. पण मग सुनावणीला तुम्हालाच उभं राहावं लागेल. पहिल्या अहवालावर सही तुमची आहे." मी लिहिलंय. रकाना नव्हता म्हणून मागच्या कोऱ्या पानावर लिहिलंय: पहिला नमुना घेताना वरचा थर काढून टाकला होता, पाणी त्या थरामुळं अडतं, दोन्ही रानांतला फरक असा असा. सुनावणी उद्या आहे. उद्या हे मानलं नाही तर प्रकरण बंद होईल आणि त्या दोन एकरांना परत कुणी विचारणार नाही.

उद्या वकील मला एकच विचारील, बाई, तुम्ही तो थर का काढला? त्याचं उत्तर माझ्याकडं तयार आहे. पद्धतच तशी आहे. सगळीकडं असंच शिकवतात, मला माझ्या वडिलांनी असंच शिकवलं. खोटं नाही त्यात काही. सगळे माना डोलवतील, साहेब सुटतील, मी सुटेन. आठवडाभर मी आरशापुढं हेच बोलतेय. आणि आज हे पत्रही मी त्यासाठीच काढलं असावं. तुम्हाला प्रश्न विचारून थोडा दोष तुमच्या गळ्यात घालता येतो का ते बघायला. पण तुमचा नियम बरोबर होता. कोणतं खत किती घालायचं हे मातीला विचारायचं असेल तर वरचा पालापाचोळा काढावाच लागतो. मावशी खताचं विचारतच नव्हत्या. अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, वरून पडणाऱ्या धुळीनं जमीन बिघडली. तो अर्ज मी जीपमध्ये बसून वाचला होता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते माझ्याजवळच राहील. म्हणून लिहून टाकते. पहिल्याच जागेवर खुरपं लावलं तेव्हा तो थर मला दिसला होता, अण्णा. कडकन आवाज झाला, राखाडी पापुद्रा निघाला आणि मी तो हातात घेऊन बघितलासुद्धा. हा वेगळा घ्यायला हवा, असं मनात आलं. झोळीत रिकामी पिशवी होती. पण वेगळा नमुना म्हणजे नऊ जागी दुप्पट काम, वेगळ्या चिठ्ठ्या, साहेबांना स्पष्टीकरण, आणि परतीची जीप तासाभरात सुटणार होती. मी पापुद्रा बाजूला टाकला, पुढं सरकले आणि जीपमध्ये बसेपर्यंत ते विसरूनही गेले. उद्या वकिलाच्या आधी हे मला मावशींना सांगायचंय, तहसीलच्या पायऱ्यांवर, आत जाण्यापूर्वी. इथं नुसतं वहीत लिहिताना मी ते दोनदा खोडलं.